कुलपाची परवानगी

“गणित कुणाच्या बापाचं नसतं,” असं म्हणून गुरुजी खिशातला खडू काढायचे आणि जवळ जे काही सपाट दिसेल त्यावर लिहायला लागायचे. लोखंडी कपाटाची पाठ, खोलीतली शहाबादी फरशी, चहाच्या टपरीचा पत्रा, एकदा तर मोखाड्याच्या स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीची बाजू. कंडक्टर घंटी मारून मारून थकला. शेवटी तणतणत खाली उतरून बघतो तर आपलेच गुरुजी. मग तो निमूट उभा राहिला आणि उदाहरण पुरं झाल्यावर बस हलली.

तुमच्या पाहण्यातही असा एखादा मास्तर असेल, ज्याच्या खिशाला निवृत्तीनंतरही खडूची पूड लागलेली असते. तुम्ही त्याला हसला असाल. आम्हीही हसायचो. आता मात्र त्यांची आठवण आली की मला आधी राग येतो. खूप जणांचा येतो, आणि खरं सांगायचं तर थोडा गुरुजींचाही येतो.

गुरुजी सूर्यमाळच्या खालच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरचे. घरी थोडा भात, थोडी नाचणी, आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरायचा आणि चढायचा. त्या पाड्यातून कॉलेजात गेलेला हा पहिला माणूस. नाशिकला राहून गणितात बी.एस्सी. झाले, परत आले आणि तीस वर्षं आश्रमशाळेत शिकवत राहिले. जव्हार-मोखाड्यातल्या कुठल्याही कचेरीत ते शिरले की टेबलामागचा एखादा तरी कारकून उभा राहायचा, कारण लहानपणी त्याने त्यांच्या हातचा मार खाल्लेला असायचा.

त्यांची दुसरी ओळख म्हणजे अर्ज. शाळाखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला परवानगीशिवाय काही करणं जमतच नाही. खडूंची पेटी हवी, अर्ज. विहिरीला दोर हवा, अर्ज. ‘महोदय, सविनय सादर करतो की’ अशी सुरुवात, कोपऱ्यात ‘योग्य मार्गे’, खाली जोडलेल्या कागदांची यादी, आणि पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. निवृत्त होऊन ते आमच्या संस्थेत आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला लेखी विचारलं की संगणकाला हात लावू का. मी तेव्हा बावीस वर्षांची, बी.कॉम.ला एकदा गचकलेली टायपिस्ट. मी तो अर्ज ऐटीत मंजूर केला आणि खाली सही ठोकली. त्यांनी तो घडी घालून फाइलला लावला.

वावर-वांगणी या आमच्याकडच्या गावांची नावं पेपरांत झळकली त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. लहान मुलं भुकेने गेली होती. दूरदूरहून गाड्या आल्या, फोटो निघाले, गाड्या परत गेल्या. मागे राहिल्या त्या आमच्यासारख्या दोन-चार संस्था, वजनकाटे आणि रजिस्टरं. आमचं काम इतकंच होतं की पाड्यापाड्यावर पोरांची वजनं करायची आणि जे पोर घसरत असेल त्याच्यासाठी ओरडायचं.

संस्थेकडे संगणक दोन. मोठा जव्हारच्या कचेरीत, धाकटा मोखाड्याच्या एका खोलीत, आणि त्यावर मी. वजनांचे आकडे यायचे, मी ते भरायचे, आणि फ्लॉपी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून दुपारच्या गाडीने जव्हारला पाठवायचे. कंडक्टर ती बाजारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात ठेवायचा, तिथून आमचा माणूस उचलायचा. फोन होता, पण वारा सुटला की तो बंद पडायचा.

गुरुजी साठीला संगणक शिकले. एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी आणि नाशिकच्या फुटपाथवर घेतलेलं एक पुस्तक, एवढ्या भांडवलावर त्यांनी वजनं नोंदवायचा प्रोग्रॅम स्वतः लिहून काढला. त्या सीडीवरचं सगळं मुक्त होतं. म्हणजे कुणीही घ्यावं, उघडून आत बघावं, दुरुस्त करावं आणि पुढे वाटावं. गुरुजींना हे फारच पटलं. आपण शाळेत वर्गमूळ शिकवतो ते असंच तर शिकवतो, असं ते म्हणायचे.

त्यांच्या तक्त्यात एक रकाना असा होता जो दुसऱ्या कुणाच्या तक्त्यात नव्हता. ‘आईचं म्हणणं’. वजन कार्यकर्ती करायची, पण हा रकाना भरायला गुरुजी स्वतः घरोघर जायचे. ओट्यावर बसून पाणी प्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे आणि मग हळूच विचारायचे की पोर का घसरतंय. बायका त्यांच्याशी बोलायच्या, कारण ते त्यांच्या बोलीत बोलायचे आणि कुणाला नावं ठेवायचे नाहीत.

पोशेऱ्याच्या एका पाड्यावर मंगळी नावाची बाई होती. तिची दीड वर्षाची मुलगी, नाव सुंदरी, महिन्यामागून महिना हलकी होत चालली होती. मंगळीने गुरुजींना सांगितलं की सरकारी पूरक आहाराचा खाऊ तीन महिने पाड्यावर आलेलाच नाही, पण पुरवठादाराच्या माणसाने वहीवर अंगठा मात्र दर महिन्याला घेतला. गुरुजींनी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून आणलं. मी ते टाइप केलं, फ्लॉपी पिशवीत घातली आणि गाडीने पाठवली.

चौथ्या दिवशी दोन माणसं मोटरसायकलवरून मंगळीच्या दारात आली. त्यांनी मारलं नाही, शिवीही दिली नाही. तिचंच वाक्य, शब्दाला शब्द, तिला म्हणून दाखवलं आणि निघून गेली.

झेरॉक्सवाल्याकडे टायपिंग क्लासचा संगणक होता आणि पुरवठादार त्याचा मेहुणा होता, हे आम्हाला नंतर कळलं. इतकी वर्षं आम्ही चोराच्याच हाती किल्ली देत आलो होतो. मंगळी पोर काखेला मारून मोखाड्याला चालत आली. खोलीच्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

“मी तुला सांगला गुरुजी,” ती म्हणाली. “मंग त्याला कसा म्हायीत?”

ती गेल्यावर गुरुजींनी खडू काढला, कपाटाकडे गेले आणि काहीच न लिहिता तसेच उभे राहिले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ते कुलपाच्या मागे लागले. फ्लॉपी कुणाच्याही हाती पडो, जव्हारच्या संगणकाशिवाय ती वाचता येता कामा नये. मूळ संख्यांचं एक गणित होतं, परदेशातल्या प्राध्यापकांनी शोधलेलं. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण गुणाकार पाहून त्या दोन संख्या शोधणं महाकठीण. त्यावर असं कुलूप बनतं की ते लावायला कुणालाही येतं, पण उघडायला एकालाच. गुरुजी नाशिकला जाऊन एका कॉलेजच्या लायब्ररीतून त्याच्या झेरॉक्स घेऊन आले. दोन महिने आमच्या खोलीची फरशी पांढरी होती. झाडणारी बाई मला विचारायची की आज कुठला कोपरा झाडू.

कुलूप तयार झालं. मी टाइप करायचे, एक बटण दाबायचे, आणि मंगळीच्या वाक्याचा असा चुथडा व्हायचा की मलाही परत वाचता येत नसे. मग गुरुजी पाड्यांवर गेले आणि त्यांनी ते बायकांना समजावलं. नदीत मासे धरायला बांबूचा सापळा लावतात ना, त्यात मासा कुणीही ढकलू शकतं, पण बाहेर काढायची गाठ ज्याने विणला त्यालाच ठाऊक, तसं हे आहे. बायकांना ते एका दमात कळलं. मला कळायला आठवडा लागला होता.

मग गुरुजींनी आपला बेत सांगितला. एकट्या बाईला धमकावता येतं, चाळीस जणींना एकदम धमकावता येत नाही. चाळीस आयांचं म्हणणं नावानिशी गुपचूप गोळा करायचं, कुलपात ठेवायचं आणि जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांसमोर एकाच वेळी उघडायचं. निनावी तक्रारीची सरकार दखल घेत नाही, हा नियम त्यांना पाठ होता. त्यामुळे नावं लागणारच होती, आणि नावं हवी तर कुलूप हवं. मंगळीने पुन्हा नाव दिलं. इतर बायकांनी तिच्याकडे पाहून दिलं. दिवाळीपर्यंत सव्वीस झाली.

याच सुमाराला संस्थेच्या मुंबईच्या कचेरीला वाटलं की हा प्रोग्रॅम इतरांनाही द्यावा. मेळघाटात, डांगात, जिथे जिथे पोरं तोलली जातात तिथे तिथे. मुक्त प्रोग्रॅमांचा एक जगभरचा संग्रह होता, त्यात तो घालायचं ठरलं. पुण्याचा एक इंजिनिअर हौसेने त्या संग्रहाचं काम करायचा, त्याने सगळं तपासायला घेतलं. गुरुजींची छाती त्या आठवड्यात वीतभर फुगलेली होती. टपरीवरच्या सगळ्यांना त्यांनी चहा पाजला.

पुण्याच्या इंजिनिअरचा फोन आला तेव्हा मी खोलीतच होते. कुलूप उत्तम आहे म्हणाला, पण त्या गणितावर अमेरिकेत एका कंपनीचं पेटंट आहे. म्हणजे ठरावीक वर्षं ती युक्ती तिच्या परवानगीशिवाय त्या देशात कुणी वापरायची नाही. आपल्या देशात हे पेटंट नाही, त्यामुळे तुम्ही खुशाल वापरा. संग्रहातही कुलपाचा भाग वेगळा काढून दुसऱ्या देशातल्या मशीनवर ठेवू, सगळे असंच करतात. फक्त एक करा, याबद्दल कुणालाही पत्रबित्र लिहू नका.

गुरुजी हो म्हणाले, फोन ठेवला आणि पत्र लिहायला बसले.

मी अडवलं. नाही असं नाही. म्हटलं, गणित कुणाच्या बापाचं नसतं असं तुम्हीच म्हणता, मग परवानगी कसली मागता? ते शांतपणे म्हणाले, “नसतंच, बाय. पण दुसऱ्याच्या पाटीला विचारल्याशिवाय हात लावू नये, असं मीच पोरांना तीस वर्षं सांगत आलो. विचारायला काय जातं? आपलं काम ऐकलं की ते आनंदाने हो म्हणतील.”

तो अर्ज मीच टाइप केला, याची मला आजही लाज वाटते. संस्थेच्या छापील कागदावर, ज्याच्या तळाला आमच्या परदेशी देणगीदारांचं नाव होतं. इंग्रजीत, पण साचा सगळा शाळाखात्याचा. सविनय सादर करतो की आम्ही डोंगरातल्या मुलांची वजने करतो, त्यासाठी आपल्या मालकीच्या गणिताचा उपयोग केला आहे, तरी परवानगी मिळावी ही नम्र विनंती. सोबत गणिताची मांडणी दोन पाने, नावे वगळून वजनांचा नमुना तक्ता, आणि उत्तरासाठी तिकीट लावलेला लिफाफा. तिकीट अर्थातच भारतीय. मी म्हटलं, गुरुजी, हे तिकडे चालत नाही. ते म्हणाले की असू दे, रीत आहे.

तीन महिन्यांनी जाड कागदावर उत्तर आलं. ते कंपनीने नव्हे, तिच्या वकिलांनी लिहिलेलं होतं, आणि त्याची एक प्रत सरळ देणगीदारांना गेली होती. पत्रात मुलांबद्दल अवाक्षर नव्हतं. आपल्या पत्रावरून आपणास आमच्या हक्काची पूर्ण जाणीव असल्याचे दिसते, असं त्यात म्हटलं होतं. गुरुजींच्या लिफाफ्याचं काय झालं देव जाणे.

आठवड्याभरात मुंबईहून संस्थेचे साहेब आले. साहेब वाईट माणूस नव्हता, हेच मला जास्त सलतं. जव्हारच्या कचेरीत पंख्याखाली बसून त्याने समजावलं की अजाणता वापरलं असतं तर एकवेळ निभावलं असतं, पण आता आपण जाणूनबुजून वापरतो असा कागद त्यांच्या हातात आहे, गुरुजींच्या सहीचा. तेव्हा कुलूप काढून टाकायचं. संग्रहात द्यायच्या प्रोग्रॅममधून आणि आपल्या दोन संगणकांतूनही.

“म्हणजे विचारलं हा गुन्हा झाला?” गुरुजींनी विचारलं.

“गुन्हा नाही, गुरुजी. पुरावा झाला.”

“साहेब, ते पेटंट आपल्या देशात नाही.”

“पण देणगी त्यांच्या देशातून येते,” साहेब म्हणाला.

गुरुजींनी तरीही सोडलं नाही. पुण्याच्या मुलाने सांगितलं होतं की ज्यांच्यावर पेटंट नाही अशीही कुलपं आहेत. गुरुजी म्हणाले, पंधरा दिवस द्या, दुसरं बनवतो. साहेबाने सांगितलं की आधी वकिलांना दाखवावं लागेल, तोवर कुठल्याच कुलपाला हात लावू नका. ती फाइल वकिलांकडे गेली ती गेलीच. आमचा प्रोग्रॅम संग्रहात लागला, आणि त्याच्या माहितीत एक ओळ होती, पेटंटविषयक कारणास्तव नावे कुलूपबंद करण्याची सोय वगळली आहे. किती स्वच्छ ओळ आहे बघा. वाचणाऱ्याला वाटावं, एखादी झालर काढली असेल.

मी काही त्या प्राध्यापकांची मेहनत नाकारत नाही. त्यांनी डोकं चालवलं, त्याचा त्यांना मान मिळावा, पैसाही मिळावा. पण दोन संख्यांचा गुणाकार करून पोशेऱ्याच्या एका बाईचं नाव झाकायचं तर सातासमुद्रापलीकडच्या वकिलाला विचारायचं, आणि विचारलं म्हणून तेही करायचं नाही? बँकांचे पैसे याच कुलपाने सांभाळले जातात, त्यांनी किंमत मोजलेली असते. आमच्या बायकांकडे मोजायला काय होतं? जे चोरून वापरत होते ते सुखात राहिले. ज्याने रांगेत उभं राहून विचारलं, त्याचंच कुलूप काढून नेलं.

गुरुजी दुसऱ्याच दिवशी पोशेऱ्याला निघाले. मी म्हटलं, सांगायची काय घाई आहे, हळूहळू सांगू. ते म्हणाले, नाव कुलपात आहे असं समजून ती बसलीय, तिला उघड्यावर ठेवून मला जेवण जायचं नाही. मी त्यांच्याबरोबर गेले. मंगळी अंगणात नाचणी पाखडत होती. सुंदरी भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती, आमच्याकडे नुसती बघत होती. गुरुजींनी सगळं सांगितलं. कुलूप ज्या युक्तीने बनतं तिचे मालक दूर देशात आहेत, आणि ते नको म्हणाले.

मंगळीने सूप खाली ठेवलं. मग तिने विचारलं, “सापळा विनायचा पन कुनी मालक अस्तो?”

गुरुजींनी मान खाली घातली. ती पुढे एवढंच म्हणाली, “मंग माझा नाव काढ.”

खोलीवर परत आल्यावर गुरुजींनी मला सगळी सव्वीस नावं पुसायला लावली, जुन्या फ्लॉप्याही कोऱ्या करायला लावल्या. तक्त्यात उरले फक्त अनुक्रमांक, वजनं आणि आईचं म्हणणं. मी विचारलं, मग तुमच्या बेताचं काय? त्यांनी खडूच्या बोटाने कपाळाला टिचकी मारली.

“इथलं काही कोणाच्या हुकमाने निघत नाही,” ते म्हणाले.

आणि खरोखर त्यांनी ते केलं. पाड्यांवर पुन्हा फिरले. मंगळीलाही भेटले, आता कागदावर काहीच नाही हे सांगितलं, तेव्हा ती पुन्हा तयार झाली. गुरुजी वहीत फक्त क्रमांक लिहायचे आणि नाव, पाडा, नवऱ्याचं नाव डोक्यात ठेवायचे. सकाळी खोलीत आल्यावर डोळे मिटून ती यादी ओठांतल्या ओठांत म्हणायचे, जशी पोरं पाढे म्हणतात. मी कान दिला तर हात हलवून मला बाहेर पिटाळायचे. तुला माहीत नसलेलं तुझ्याकडून कुणी काढून घेणार नाही, असं म्हणायचे. आधी टाइप केलेली नावं मला अर्धवट आठवायची, पण आता कोण तयार आहे आणि कुणाचा क्रमांक कुठला हे कळत नव्हतं; मला फक्त मंगळीचा सतरा क्रमांक ठाऊक होता.

या सगळ्यात वर्षाचा बराच भाग गेला. कुलूप राहिलं असतं तर पावसाच्या आधी चाळीस नावं जिल्ह्याच्या साहेबांपुढे गेली असती, याचा हिशेब मी मनातल्या मनात पुष्कळदा केला आहे. श्रावणात सुंदरी गेली. मी तक्त्यात सतराव्या ओळीत वजनाच्या जागी रेघ मारली. गुरुजी त्या दिवशी खोलीत आले नाहीत.

चाळीस पुरी झाल्यावर गुरुजींनी जिल्ह्याला अर्ज केला. समक्ष सुनावणी द्यावी, नावे तोंडी सांगेन. अर्जाची पोच आली आणि तारीख काही येईना. मी चिडायचे, तिथे जाऊन बसा म्हणायचे. ते म्हणायचे की अर्ज केलाय ना, येईल. माझा त्यांच्यावरचा राग आहे तो एवढ्यासाठीच. जगाने त्यांना एकदा शिकवलं होतं की विचारणाऱ्याचं काय होतं, तरी हा माणूस पुन्हा विचारून वाट बघत बसला होता. थंडीत एका सकाळी पाड्यावरून चालत येताना त्यांच्या छातीत कळ आली. रस्त्याच्या कडेला दगडावर बसले ते उठलेच नाहीत. त्यांच्या चितेला लाकडं द्यायला इतके विद्यार्थी आले की कोण कुठून आलंय ते कळेना.

सुनावणीची तारीख उन्हाळ्यात आली.

त्याच्या नंतरच्या पावसाळ्यात त्या पेटंटची मुदत संपायची होती, पण कंपनीने थोडे दिवस आधीच ते गणित सगळ्या जगाला फुकट देऊन टाकलं. पुण्याच्या इंजिनिअरने फोन करून सांगितलं. त्याचा आवाज पडलेला होता. त्याने सांगितलं की सगळीकडे कंपनीच्या मनाच्या मोठेपणाची वाहवा चाललीय. मी फोन ठेवला आणि खोलीची दारं लावून घेतली. संस्थेनेही मग लगेच परवानगी दिली. गुरुजींचं कुलूप पुण्याच्या मुलाने जपून ठेवलं होतं, ते त्याने पाठवलं आणि अर्ध्या तासात ते पुन्हा चालू झालं.

पण सुनावणी त्याच्या आधीच, उन्हाळ्यात, होऊन पुढे ढकलली गेली होती. जिल्ह्याचा साहेब भला होता. त्याने आमचा तक्ता शांतपणे वाचला, ‘आईचं म्हणणं’ हा रकाना दोनदा वाचला, आणि विचारलं की या चाळीस जणी कोण. मी म्हटलं, सांगणारा माणूस वारला. तो म्हणाला, निनावी तक्रार मला घेता येत नाही, पण पावसानंतर मी पुन्हा येईन, तोवर नावं आणा. मी पाड्यापाड्यावर फिरले. निम्म्या घरांना कड्या होत्या, माणसं वीटभट्टीवर गेली होती. ज्या बायका भेटल्या त्यांनी मला पाणी दिलं, बसायला दिलं. त्या म्हणाल्या, गुरुजींना सांगितलं होतं, आता गुरुजी नाहीत. मी कोण होते त्यांची? त्यांचं वाक्य एकदा बाजारात पोचवणारी टायपिस्ट.

पावसानंतर साहेब खरोखर जव्हारला आला. आमच्या कचेरीत टेबल टाकून बसला. पुरवठादाराची माणसं बाहेर पायरीवर विड्या ओढत होती. अकरा वाजेपर्यंत कुणीच आलं नाही. मग मंगळी आली. पोशेऱ्याहून निघून, दोन गाड्या बदलून, एकटी. पायरीवरच्या माणसांच्या मधून वाट काढत सरळ आत आली आणि टेबलासमोर उभी राहिली.

साहेबाने नाव विचारलं. तिने स्वतःचं, नवऱ्याचं, पाड्याचं नाव सांगितलं आणि आपला क्रमांक सतरा हेही सांगितलं. मी टाइप केलं. तिला धीर यावा म्हणून मी म्हटलं, मंगळीबाय, आता कुलूप परत आलंय, मी लगेच लावते, साहेबांशिवाय कुणालाही तुझं नाव वाचता येणार नाही.

“नको लावू,” ती म्हणाली. “आता झाकायला काय राह्यला माझ्याकडं? उघडाच राहू दे. पोरीचा पन नाव लिव.”

मी सुंदरी असं लिहिलं. ती एक ओळ छापून दिली, आणि साहेबाने तक्रार दाखल म्हणून तिच्यावर सही केली. बाकीच्या एकोणचाळीस ओळी अजून त्या संगणकात आहेत, आणि त्यांच्यापुढे नुसते आकडे आहेत.